उन्हात ठेवलेली हाक

आमच्या घरी लाइन आली की माझी सासू ओ देते.

आर्णीत आम्ही विजेला लाइन म्हणतो. ती दिवसातून किती वेळा जाते हे मोजण्याच्या भानगडीत शहाण्या माणसाने पडू नये. पण ती परत आली की आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवरचा एक पत्र्याचा डबा दोनदा वाजतो. पहिला आवाज आखूड, दुसरा लांब. डब्याच्या काचेमागे तीन लाल इंग्रजी अक्षरं उमटतात: ए, ए, आय. आई. मग कौसल्याबाई, म्हणजे माझी सासू, हातातलं काम न सोडता म्हणतात, "हो रे, आली." आणि उठून नळाची मोटर लावतात.

हा डबा माझ्या नवऱ्याने, रवीने केलेला. आम्ही दोघंही यवतमाळच्या एका खाजगी तंत्रनिकेतनात शिकवायचो. मायक्रोप्रोसेसर हा विषय तेव्हा त्याचा होता, नंतर माझ्याकडे आला. लोडशेडिंगचे दिवस होते. अर्धा दिवस लाइन नसायची, आणि आली की तेवढ्यात पाणी भरून घ्यावं लागायचं. सासूबाई शेजारच्या ओट्यावर गप्पांत रंगलेल्या असायच्या. लाइन येऊन परत जायची तरी त्यांना पत्ता नसायचा, आणि मग घरात थेंबभर पाणी नाही म्हणून त्या आम्हा दोघांवर डाफरायच्या. रवी काही दिवस ऐकून घेत राहिला. मग त्याने कॉलेजातून मुलांच्या सरावाचं एक मोडकं किट मागून आणलं आणि त्यातली ८०८५ नावाची चिप काढून कामाला लागला.

ही चिप आम्हा दोघांपेक्षाही वयाने मोठी, १९७६ सालची. स्वभाव साधा. वीज गेली की सगळं विसरायचं, वीज आली की डोळे उघडून शून्य नंबरच्या पत्त्यावर जायचं आणि तिथे जे लिहिलं असेल ते करायचं. तिथे रवीने लिहिलं, आईला हाक मार. हे लिहिलेलं असतं एका दुसऱ्या चिपमध्ये, तिला ईप्रॉम म्हणतात. ही चिप वीज गेली तरी विसरत नाही. हिच्या पाठीवर एक छोटी गोल काच असते आणि त्या काचेवर कायम चिकटपट्टी लावून ठेवायची असते.

खरं तर रवी आईला माय म्हणायचा. पण कॅल्क्युलेटरवर आकडे उमटतात तशा सात दांड्यांच्या चौकटीत इंग्रजी एम बसत नाही. त्याने बराच खटाटोप केला आणि शेवटी आई लिहून मोकळा झाला. "शब्द तुह्याकडून उसना घेतला," मला म्हणाला, कारण सासूला आई म्हणणारी घरात मीच. सासूबाईंनी काचेवर वाकून अक्षरं पाहिली, मी त्यांना ती वाचून दाखवली, तेव्हा त्या म्हणाल्या, "घरी माय म्हनते न डब्ब्यात आई. डब्बा लय शिकेल दिसते." मग त्यांनी रुसू नये म्हणून रवीने त्या ईप्रॉमच्या काचेवर जी पांढरी पट्टी लावली तिच्यावर बॉलपेनने 'माय' असं लिहिलं, आणि झाकण बसवून टाकलं.

दुसरा आवाज किती लांब ठेवायचा यावर मायलेकांचा आठवडाभर वाद चालला. तो वाजवून दाखवायचा, त्या मान हलवायच्या. "अजून वढ. लहानपनी तू नाल्याकून येतानी हाक मारे तं साऱ्या गल्लीले आयकू जाये." तो आकडा वाढवायचा, परत वाजवायचा. एकदाचा त्यांना तो आवाज पटला आणि त्या नकळत म्हणाल्या, "हो रे, आली." रवीने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. तो आकडा काय होता ते मी विचारलं नाही. विचारायचं कशाला, माणूस समोर बसलेला होता.

त्याच दिवशी मी त्याला टोमणा मारला. आईसाठी डबा, बायकोसाठी काय? तो म्हणाला, "चिपमंदी जागा लय असते. मायची हाक एका कोपऱ्यातच बसली. खालच्या जागेत तुह्यासाठी हाये."

"काय आहे?"

"वाच कधी."

"कसं वाचू?"

"चिप काढून. पन मंग डब्बा बंद पडन न माय बोंबलन. पाह्य आता तूच."

पुढे हा आमचा खेळच झाला. भांडण झालं की मी स्क्रूड्रायव्हर घेऊन डब्याकडे निघायची आणि तो आडवा यायचा. तिथे काय लिहिलंय, हे त्याने कधीच सांगितलं नाही. मीही खरंच कधी काढून पाहिलं नाही.

कॉलेजातली पोरं दर वर्षी विचारतात, "मॅडम, हे पन्नास वर्षांपूर्वीचं काहून शिकवून राह्यल्या?" मी त्यांना रवीचंच उत्तर देते. या जुन्या चिपेत ए नावाचा एक कप्पा आहे, सगळी बेरीज-वजाबाकी त्यात होते. १९७८ साली पुढच्या पिढीत तो मोठा झाला, त्याला एएक्स म्हणू लागले. मग ईएएक्स झाला, मग आरएएक्स. तुमच्या बॅगेतल्या लॅपटॉपमध्ये आजही तो बसलेला आहे. नावाच्या मागेपुढे पदव्या लागल्या, मधला ए तोच. आणि लॅपटॉपचं बटण दाबता तेव्हा आतली चिप पहिल्यांदा स्वतःला १९७८ सालचीच समजते. तेवढीच तिची अक्कल, तेवढीच तिची जागा. मग तिला एकेक सांगावं लागतं की बाई, तू आता मोठी झालीस, तुझ्यापाशी हे आहे, ते आहे. जुन्या चिपांसाठी लोकांनी एवढं लिहून ठेवलं होतं की ते मोडायची कुणाची छाती झाली नाही. रवी वर्गात म्हणायचा, "धंदा जगभर पसरला, पन सकाळी उठतो तो आजोबाच्याच खाटेवर." पोरं हसायची. माझ्या तोंडून तेच वाक्य ऐकून ती हसत नाहीत, वहीत उतरवून घेतात.

रवी गेल्यावर मला ते वाक्य समजलं. सकाळी जाग येते तेव्हा थोडा वेळ मी जुनीच असते. कूस वळवते, आज याचं पहिलं लेक्चर आहे, याला उठवायला हवं, असं मनात येतं. मग आठवतं. रोज नव्याने आठवतं, आणि रोज तेवढंच लागतं.

तो एकवीस सालच्या एप्रिलमध्ये गेला, कोरोनात. दवाखान्यात जाताना स्वतःच्या पायांनी ऑटोत बसला, सासूबाईंना म्हणाला, "येतो माय." तोंड पाहायला मिळालं नाही. तेव्हा कुणालाच मिळत नव्हतं. घरी आम्ही तिघी उरलो, सासूबाई, मी आणि आमची मैत्रेयी, जी आता नागपूरला शिकते. बातमी आली त्या दुपारी लाइन गेलेली होती. ती आली, डबा वाजला, आणि सासूबाई सवयीने म्हणाल्या, "हो रे, आली." मग त्या जमिनीवर बसल्या आणि त्यांनी जो हंबरडा फोडला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही.

त्या दिवसापासून डब्याला कुणी हात लावायचा नाही. मी एकदा म्हणाले, आई, आतली चिप एकदा काढून कॉलेजात नेते, तिची दुसरी प्रत करून ठेवू, एका दिवसाचं काम आहे. त्या म्हणाल्या, "एक दिस कायले बंद ठेवू त्याले?" मी पुन्हा विषय काढला नाही. खरं सांगते, मलाही घाई नव्हती. जोपर्यंत ते वाचलेलं नव्हतं तोपर्यंत रवीकडून मला एक तरी गोष्ट यायची बाकी होती. सगळं संपलेलं नव्हतं. वाचलं असतं तर संपलं असतं.

या मे महिन्यात मी पेपर तपासायला अमरावतीला गेले, तिथून मैत्रेयीकडे नागपूरला. सासूबाई एकट्या राहायला मुळीच घाबरत नाहीत, उलट सून घरात नसली की त्यांचा उन्हाळा मनासारखा होतो. कुरडया, पापड, मुगवड्या, सगळं गच्चीवर. आणि खाण्याचंच नाही, मे महिन्यात त्या घरातल्या प्रत्येक वस्तूला ऊन दाखवतात. गोधड्या, तुरीची डाळ, गाद्या, मैत्रेयीची जुनी पुस्तकं, ट्रंकेतला रवीचा स्वेटर. उन्हाने कीड मरते, ओल जाते, वस्तूला वर्षभर बघावं लागत नाही, यावर त्यांचा पूर्ण विश्वास.

परत आले तेव्हा दुपार टळत होती. चप्पल काढून बैठकीत आले आणि सवयीने रवीच्या फोटोकडे पाहिलं. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली तो आहे. त्याच्या काचेच्या कोपऱ्यात एक पांढरा चौकोनी तुकडा चिकटवलेला होता. त्यावर बॉलपेनने लिहिलं होतं, माय.

मी बॅग तशीच खाली ठेवली.

"आई, हे कुठून काढलं तुम्ही?"

"डब्ब्यातून," त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या. बाहेर येऊन पदराला हात पुसत फोटोपाशी उभ्या राहिल्या. चेहरा खुललेला. "लाल मुंग्या लागल्या होत्या व त्याले. सुरीनं झाकन उचकटलं तं आतून वल्ला वास येऊन राह्यलता. मनलं, ऊन दाखवते. तं पह्यल्याच दिशी डिंक सुटला न हे चिठ्ठी हातात आली. पाह्यते तं त्याचं अक्षर. मी वाचलं, ममता. माय लिवलं हाये. कोनाले इचारा नाई लागलं."

सासूबाई साठीला आल्यावर साक्षरता वर्गात बसून अक्षरं शिकलेल्या. त्यांना शिकवायला रवीच बसायचा.

"मंग?" मी विचारलं.

"मंग रोज ठेवलं. सकाळी कुरडयाइसंगं वर नेवो, संध्याकाळी खाली आनून लावो. पह्यले काही दिस लावला का बोले. मंग एका दिशी नाई बोल्ला. मनलं, आंग अजून वल्लं असन याचं. तवापासून आनखीन ऊन देऊन राह्यली. दिसभर."

आता सांगते त्या काचेवर पट्टी का लावतात ते. ईप्रॉमवरचं लिहिलेलं पुसायचं असेल तर तिच्या काचेतून अतिनील प्रकाश सोडतात. आमच्या लॅबमध्ये त्यासाठी नळी बसवलेली एक पेटी आहे, तिच्यात काही मिनिटांत चिप कोरी होते. तोच प्रकाश उन्हातही असतो. उन्हाला वेळ लागतो एवढंच. आणि आमच्या यवतमाळ जिल्ह्यातलं मे महिन्यातलं ऊन कसं असतं ते मी कुणाला सांगायला नको.

मी गच्चीवर गेले. जुन्या लुगड्यावर पांढऱ्या कुरडया पसरलेल्या होत्या. त्यांच्या मधोमध, उलट्या परातीवर, झाकण काढलेला डबा. वाऱ्याने उडू नये म्हणून बाजूला खडा. चिपेची उघडी काच सरळ सूर्याकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी तो डबा मांडीवर घेऊन यवतमाळला गेले. सासूबाईंना सांगितलं, तपासून आणते. मनात आशा होती. ऊन पुरतं लागलं नसेल, अर्धंमुर्धं उरलं असेल, उरलेल्यावरून बाकीचं जुळवता येईल. सुट्टीत कॉलेज ओस पडलेलं. पूनमसिंग म्हणून आमचे शिपाई आहेत, महागावकडच्या तांड्यातले, त्यांनी लॅब उघडून दिली. नव्या अभ्यासक्रमात या चिपा नाहीत, त्यामुळे सगळी किटं भंगारवाल्यासाठी कोपऱ्यात रचून ठेवलेली. त्या ढिगाऱ्यातून मी चिप वाचायचं यंत्र शोधून काढलं, धूळ पुसली आणि लॅबमधल्या सगळ्यात जुन्या कॉम्प्युटरला जोडलं.

पडद्यावर एफ एफ आलं. पुढेही एफ एफ. लोकांना वाटतं कोरी चिप म्हणजे सगळीकडे शून्य. तसं नसतं, कोरी चिप भरलेली दिसते, पहिल्या पत्त्यापासून शेवटच्या पत्त्यापर्यंत एफ एफ, म्हणजे आठच्या आठ बिट एक. मी पान उलटत गेले. आईची हाक जिथे होती तिथे एफ एफ. तो लांब आवाजाचा आकडा जिथे असणार तिथे एफ एफ. मग खालची जागा आली, माझी. मी प्रत्येक ओळ बोट लावून पाहिली. एफ एफ, एफ एफ, एफ एफ. शेवटाकडे एका ठिकाणी एफ बी होतं. आठ बिटांतला एक बिट शून्यावर अडून बसला होता, पुसला जायला तयार नव्हता. एका बिटात काही मावत नाही. होही मावत नाही, कारण प्रश्न कोणता ते माहीत नाही.

मी रडले नाही. मला संताप आला. कुणावर म्हणाल तर त्या बाईवर. कुणी सांगितलं होतं उघडायला? मला एक फोन करता येत नव्हता? चार वर्षं मला हात लावू दिला नाही आणि स्वतः सुरीने झाकण उचकटलं. त्यांचा मुलगा होता हे कबूल, पण माझा नवरा होता. त्याचं मला सांगायचं राहिलेलं एकच काही होतं आणि ते त्यांनी कुरडयांच्या शेजारी वाळत घातलं. एसटीत खिडकीशी बसून मी वाक्यं जुळवत राहिले. तुम्हीच पुसलं त्याला, आई. तुमच्या हाताने. हे मी त्यांना सांगणार होते. कळू दे त्यांनाही.

घरी आले तेव्हा त्या दारातच बसल्या होत्या.

"बोल्ला का व?"

"नाही."

"बिघडला?"

"आई, तुम्ही त्याला उन्हात कायले ठेवलं?" माझा आवाज चढला होता. "मुंग्याच होत्या तर फडक्यानं पुसून घ्यायचं. इतके दिवस उन्हात कायले ठेवलं?"

त्या हळूच म्हणाल्या, "दवाखान्यात त्याले थंडी वाजे."

मला कळेना.

"तुले नाई सांगतलं मी. शेवटचा फोन आला तं मले म्हने, माय, इथं लय गार हाये व. मशीन लावेल हाये म्हने, बंदच नाई करत. मी म्हनो, पांघरून घे रे बाप्पा. तं म्हने, घेतलं, तरी वाजते. मी गोधडी घेऊन निंगाली होती. दारातून ऑटोवाल्या बबलूनं परत पाठोलं, का म्हने जाऊच देत नाई कोनाले." त्या पदराचं टोक चाळवत होत्या. "त्याचं आंग गार पडलं न मले हात लावा नाई भेटला. आता डब्बा उघडला न हात घातला, तं आतून वल्ला, गार लागला. मनलं याले तरी ऊन लागू द्या. म्हून ठेवलं."

एसटीत जुळवलेली सगळी वाक्यं माझ्या तोंडात होती. ती मी गिळली. घशाखाली गेली नाहीत, पण तोंडाबाहेरही आली नाहीत. मी त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसले आणि मग मात्र मला रडू आवरेना. त्यांना वाटलं मी रवीच्या थंडीसाठी रडते आहे. तेही होतंच.

"होईन न बरा?" त्यांनी विचारलं.

"होईल," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच एसटी, तीच लॅब. हाक मारायचा प्रोग्रॅम लिहिणं काही अवघड नाही, मी तो झोपेतही लिहीन. ड्रॉवरमध्ये नव्या कोऱ्या चिपा पडलेल्या होत्या. पण डबा त्याचा होता. निदान खोटं तरी त्याच्याच चिपवर लिहावं असं मला वाटलं. तीन अक्षरं झाली. पहिला आखूड आवाज झाला. दुसऱ्यावर येऊन अडले. तो किती लांब होता? इतकी वर्षं दिवसातून कितीतरी वेळा ऐकलेला आवाज, आणि आकड्यात सांगता येईना. भंगारातल्या एका किटवर मी शंभर ठेवून पाहिला, तुटका वाटला. दीडशे ठेवला, रेंगाळला. थोड्या वेळाने तर खरा कसा होता तेही डोक्यातून निसटायला लागलं आणि मी घाबरले. असंच सगळं जाईल, त्याचा आवाज, त्याचं बोलणं, आणि माझ्यापाशी नुसतं एफ एफ उरेल.

मग मी डोळे मिटले आणि त्याच्यासारखी हाक मारली. संध्याकाळी गाडी लावून फाटकातूनच मारायचा तशी. "माऽऽय." परत मारली. रिकाम्या लॅबमध्ये, पंचेचाळीस वर्षांची बाई, हातात घड्याळ धरून. आकडा बदलायचा, वाजवायचं, हाक मारायची, दोन्ही जुळतात का पाहायचं. कितव्या तरी हाकेला दार ढकलून पूनमसिंग आत आले. त्यांच्या हातात चहा होता. मी कानापर्यंत लाजले.

त्यांनी चहा टेबलावर ठेवला. डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. रवीबरोबर त्यांनी याच लॅबमध्ये बरीच वर्षं काढलेली. "आमच्यात मायले याडी म्हनते, मॅडम," ते म्हणाले. "हाक एवढीच लांबते." आणि दार लावून घेऊन बाहेर जाऊन बसले, कुणी येऊ नये म्हणून.

आकडा ठरला. बरोबर आहे की नाही हे सांगायला जगात एकच माणूस उरलं होतं. मी चिप लिहिली. वरच्या कोपऱ्यात हाक, तेवढीच. खालची जागा तशीच ठेवली. तिथे त्याने माझ्यासाठी काहीतरी ठेवलं होतं, त्यावर दुसरं काही लिहायला माझा हात धजला नाही. तो अडून बसलेला बिट तिथेच आहे. काचेवर मी काळी चिकटपट्टी लावली, एकावर एक दोन थर.

घरी पोचले तेव्हा लाइन होती. सासूबाई ताटात तांदूळ निवडत बसलेल्या. मी डबा फळीवर ठेवला, पिन लावली, बटण दाबलं. एक आखूड, एक लांब. लाल अक्षरं उमटली.

त्यांचा हात तांदळात तसाच थांबला. ओ आली नाही. मी पाठमोरीच उभी राहिले, वळायची हिंमत होईना. त्यांचे कान त्या आवाजावर वाढलेले, फसतील कसे?

"आवाज जरा पातळ झाला व," त्या म्हणाल्या.

मी पिन परत दाबून बसवली.

"बिमारीतून उठलं का असाच होते मानसाचा आवाज." त्यांनी खडा बाजूला टाकला. "खाईन-पेईन तं भरन हळूहळू."

मी फडक्यानं डब्याची काच पुसली.

"मी म्हनत नवती? ऊन दाखोलं का सुधरते. तू उगाच माह्यावर चिल्लावली. उन्हानंच सुधरला न?"

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. किती तरी दिवसांनी त्यांचा चेहरा असा निवांत दिसत होता. चार वर्षांपूर्वी गोधडी घेऊन निघालेली बाई एकदाची पोचली होती.

"हो आई," मी म्हणाले. "उन्हानंच."

"मंग उद्या आनखीन ठेवते थोडा."

"ठेवा."

तेवढ्यात लाइन गेली. पंखा गरगरत थांबला, काचेवरची अक्षरं विझली. बाहेर गल्ली पांढरीफटक तापलेली. सासूबाई पदराने वारा घेत तांदूळ निवडत राहिल्या, मी त्यांच्यासमोर बसून खडे वेचू लागले. बऱ्याच वेळाने पंख्याने अंग हलवलं आणि डबा वाजला.

"हो रे, आली," त्या म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून मोटर लावायला उठल्या.

हाक आता माझी असते. शब्द आधीपासूनच माझा होता, लांबीही आता माझ्याच घशावर मोजलेली. ओ मात्र त्याला जाते. मी ती रोज ऐकते, आणि नळाखाली बादली सरकवते.